डबीचं मानापमान

ज्याच्या कानात आयपॉड असे त्याला "काय ऐकतोयस?" असं विचारलं की तो सांगे, "आयपॉड." गाणं कोणतं, गाणारा कोण, हा त्याच्या लेखी किरकोळ तपशील. सोनीवाला "सोनी" म्हणे. क्रिएटिव्हवाला "झेन" म्हणे आणि लगेहात दोन वाक्यं आयपॉडविरुद्ध बोलून घेई. २००६ ते २००८ या काळात बंगळुरूच्या बीटीएम लेआउटमधल्या आमच्या फ्लॅटवर संगीतावरून जेवढी भांडणं झाली, तेवढं संगीत काही ऐकलं गेलं नाही.

अर्थात आपल्याकडे रसिक म्हणवून घ्यायचं तर कोणाच्या तरी विरुद्ध असावंच लागतं. आमच्या पणजोबांच्या काळी बालगंधर्वांची माणसं वेगळी आणि केशवराव भोसल्यांची वेगळी. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. नाटक संयुक्त होतं, प्रेक्षक मात्र विभक्तच घरी गेले असणार अशी माझी खात्री आहे. पुढे लता की आशा झालं, भीमसेन की कुमार झालं. तरी ती पिढी निदान गवयावरून भांडली. आम्ही गवई ठेवायच्या डबीवरून भांडलो.

भांडणाऱ्यांची नावं सांगत नाही. सगळे आता संसारात पडून, हप्ते फेडून सभ्य झालेले आहेत. गावांवरून ओळखू. सांगलीकर आयपॉडवाला. न्यू जर्सीला ऑनसाइट जाऊन आला तेव्हा कानात पांढऱ्या वायरी घेऊनच विमानातून उतरला. त्या काळी ऑनसाइटला निघालेल्या माणसाच्या बॅगेत जाताना मेतकूट आणि भाकरवडी असे, आणि येताना इतरांचे आयपॉड. सोलापूरकर सोनीचा, तोही वंशपरंपरेने. त्याच्या मामाने दुबईहून वॉकमन आणला होता आणि तेव्हापासून त्यांच्या घराण्यात दुसऱ्या कंपनीला मुलगी दिलेली नाही. नागपूरकर सिंगापूरच्या क्रिएटिव्हचा. राहता राहिला बेळगावकर. त्याच्याकडे कोवॉन होता. कोवॉन ही कोरियन कंपनी आहे हे आधी सांगायचं आणि मग ती सर्वांत श्रेष्ठ का हे पटवायचं, असं दुहेरी काम त्याला पडे. अल्पसंख्य भक्ताच्या भक्तीला जी धार असते ती त्याच्यात होती.

मी मॅजेस्टिकजवळच्या नॅशनल मार्केटमधून एक निळी डबी घेतली होती. तिच्यावर काही नाव होतं, पण ते खिशात घासून घासून पुसलं गेलं. त्यामुळे मी अलिप्त राष्ट्र. अलिप्त राष्ट्रांना जी वागणूक मिळते ती मला मिळे: दोन्ही बाजू माझ्यासमोर मोकळेपणाने बोलत आणि माझं मत कोणी विचारत नसे.

शास्त्रार्थ बहुधा ऑफिसच्या बसमध्ये चाले. होसूर रोडने इलेक्ट्रॉनिक सिटी गाठायची म्हणजे आधी सिल्क बोर्डचा चौक ओलांडायचा. चौकाला केंद्रीय रेशीम मंडळाचं नाव आहे, पण तिथून रेशमाचा धागाही सरकत नसे. बाहेर लॉऱ्यांचे हॉर्न, आत बसचं इंजिन. या गदारोळात सोलापूरकर डोळे मिटून म्हणे, "बेस बघ बे कसा गोल आहे." गोल बेस म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक नव्हतं, पण सांगलीकराला तो चौकोनी वाटे.

प्रत्येकाकडे एक हुकमी पान होतं. नागपूरकराचं सर्वांत जड. डबीतल्या गाण्यांची यादी गायक, अल्बम, गाणं अशा पायऱ्यांनी उतरत जाते, त्या मांडणीचं पेटंट क्रिएटिव्हने मिळवलं होतं. त्यावरून कंपनीने २००६च्या मेमध्ये अ‍ॅपलवर दावा ठोकला आणि ऑगस्टमध्ये अ‍ॅपलने १० कोटी डॉलर मोजून तडजोड केली. झालं! त्यानंतर सांगलीकर आयपॉडचं चाक फिरवू लागला की नागपूरकर शांतपणे म्हणे, "फिरव बे, फिरव. भाडं भरलंय तुमच्या लोकांनी." स्वतः त्याला त्या १० कोटींतला छदामही मिळाला नव्हता, पण त्याची चाल बदलली होती. घरभाड्याची पाळी आली की मात्र ती पूर्ववत होई.

यावर सांगलीकराचं उत्तर ठरलेलं: "मग विकला का जात नाही लेका तुमचा झेन?" २३ ऑक्टोबर २००१ला पहिला आयपॉड आला, त्यात ५ जीबी जागा होती, खिशात हजार गाणी मावत, हे तो शिवजन्माची तारीख सांगावी तसा सांगे. त्या हजारांपैकी त्याच्याकडची बरीचशी गाणी शंभर गाण्यांच्या चोरट्या सीडीवरून उचललेली होती, हे आम्ही सगळेच सौजन्याने विसरत असू. मर्मावर बोट ठेवायचं तर रेडिओचा विषय काढायचा. भारतातलं पहिलं खाजगी एफएम केंद्र, रेडिओ सिटी, जुलै २००१मध्ये याच बंगळुरूत सुरू झालं. इथे इस्त्रीवाल्याच्या गाडीवर एफएम, रिक्षात एफएम, माझ्या निळ्या डबीतसुद्धा एफएम. आणि एवढ्या महागड्या आयपॉडला ते नव्हतं. "त्याची जोडणी वेगळी विकत मिळते," असं सांगलीकर म्हणे. हे खरंही होतं. पण खिडकीपाशी बसून फुकटची गाणी ऐकणाऱ्या माझ्यासारख्या माणसासमोर ते बोलायला नको होतं.

सोलापूरकराची बाजू कठीण होती. सोनीने १९७९मध्ये वॉकमन काढून सगळ्या जगाला चालता चालता गाणं ऐकायला शिकवलं, इथवर तो जिंकलेला असे. पंचाईत पुढच्या काळाची. संगणकाचं युग आल्यावर सोनीने आपल्या डब्यांना कित्येक वर्षं एमपीथ्री थेट वाजवू दिलं नाही. प्रत्येक गाणं आधी एट्रॅक या सोनीच्या स्वतःच्या सोवळ्यात गुंडाळायचं, मगच ते आत जाई. सोनी सुधारेपर्यंत अर्धं जग आयपॉडकडे गेलं. सोलापूरकराला विचारलं तर चूक जगाची. "एमपीथ्री हा मुळातच सवंग प्रकार आहे," तो म्हणे, आणि चादर ओढून झोपून जाई.

हे झगडे पाहून तटस्थ राहिलेला एकच माणूस मला आठवतो: ऑफिसच्या फाटकावरचा सुरक्षारक्षक. ज्यात काही साठवता येतं अशी कुठलीही वस्तू आत न्यायला बंदी होती, म्हणून सगळ्या डब्या त्याच्याकडे जमा होत आणि रजिस्टरमध्ये नोंद होई. कंपनीच्या नावाच्या रकान्याकडे तो कानाडोळा करी. 'पांढरा', 'काळा', 'काळा मोठा', 'निळा' एवढंच लिही आणि पितळी बिल्ला हातात ठेवी. सांगलीकराने एकदा त्याला "आयपॉड लिहा ना" म्हणून सुचवून पाहिलं. त्याने मान डोलावली आणि लिहिलं, 'पांढरा, ओरखडा आहे.'

सगळ्यांचं एकमत झालं ते फक्त मायक्रोसॉफ्टच्या झूनबाबत. नोव्हेंबर २००६मध्ये तो अमेरिकेत आला, त्यात एक तपकिरी रंगाचा होता, आणि आमच्यापैकी कोणीही तो कधी पाहिला नव्हता. न पाहिलेल्या शत्रूबद्दल एकी होणं सोपं जातं. ३१ डिसेंबर २००८ला जगातले ३० जीबीचे झून एकजात बंद पडले. लीप वर्षाचा तो तीनशे सहासष्टावा दिवस. आतल्या घड्याळाच्या प्रोग्रॅमला हिशेब असा शिकवलेला होता: दिवस ३६५हून जास्त असतील तोवर फिरत राहा, लीप वर्ष असेल तर दिवस ३६६हून जास्त असले तरच एक वर्ष वजा कर. बरोबर ३६६ असतील तर काय, हे सांगायचंच राहिलं. बिचारा फिरत बसला. कंपनीचा सल्ला असा की, बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि ग्रिनिचच्या वेळेनुसार १ जानेवारीची दुपार झाल्यावर चार्ज करा. म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे साडेपाच. मुहूर्त काढून सुरू करायचं यंत्र मी तरी दुसरं पाहिलं नाही. वायटूकेच्या कामांवर ज्या शहराच्या आयटीने बाळसं धरलं, तिथल्या चार प्रोग्रॅमरांना याहून मोठी मेजवानी कोण देणार? नव्या वर्षात त्यांनी ते चक्र कागदावर काढलं, एकमेकांना टाळ्या दिल्या, आणि मग तो कागद पोह्यांखाली घेतला.

त्याआधी, २००८च्याच उन्हाळ्यात, एका रविवारी ठरलं होतं की एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. डोळ्यांवर पंचा बांधून ऐकायचं आणि कुठली डबी वाजतेय ते ओळखायचं. चौघंही सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे आधी टेस्ट प्लॅन आला. इयरफोन कोणाचे वापरायचे? सोनीचे वापरले तर सोलापूरकराचे कान ओळखीचे. आवाज सगळीकडे सारखा कसा ठेवायचा? बेळगावकर म्हणाला, "कोवॉनचं इक्वलायझर बंद करून ऐकायचं म्हणजे पुरणपोळी तुपाशिवाय खायची, असं कसं की रे?" एक्सेल शीट झाली, तिच्यावर शेरे आले, शेऱ्यांवर शेरे आले. दुपारचे चार वाजले तरी पंचा दोरीवरच वाळत होता.

शेवटी नागपूरकराने तोडगा काढला: क्लायंटलाच विचारू. क्लायंट म्हणजे घरमालकांची आई, खालच्या मजल्यावरची अज्जी. तिला ब्रँड ठाऊक नव्हते, त्यामुळे डोळे बांधायची गरज नव्हती. बेळगावकराला कन्नड येत असल्यामुळे तो दुभाषा. तिला समजावं म्हणून भीमसेनांचं 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा' निवडलं आणि एकच फाइल सगळ्या डब्यांत भरली.

अज्जीने कॉफीचा लोटा बाजूला ठेवला, पदराने कान पुसले आणि आयपॉड लावून घेतला. आम्ही श्वास रोखून. ती ऐकत राहिली. गाणं संपलं, तिने हाताने खूण केली, पुन्हा लावा. आवाज कसा आहे, म्हणून बेळगावकराने विचारलं. ती जे बोलली ते त्याने जरा चाचरतच सांगितलं: "म्हणते, आवाज कसा म्हणजे? भीमसेनांचा आहे. आमच्या गदगचा मुलगा."

आमच्या?

त्या क्षणी चारी कंपन्या विसर्जित झाल्या. सांगलीकर म्हणाला, "जन्म गदगचा असेल, पण आयुष्य कुठे गेलं? पुण्यात!" सोलापूरकराने अभंगवाणी काढली. अज्जीने विचारलं, गुरू कुठले? सवाई गंधर्व, म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, धारवाडाजवळचे. यावर सोलापूरकर म्हणाला की ते नावारूपाला आले मराठी रंगभूमीवर. नागपूरकराने तिसरीच आघाडी उघडली: 'सवाई गंधर्व' ही पदवी दिली कोणी? अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांनी! तेव्हा मान विदर्भाचा. महाराष्ट्राने २००२मध्ये महाराष्ट्रभूषण दिलं, असा सांगलीकराचा मुद्दा. कर्नाटकाने २००५मध्ये कर्नाटकरत्न दिलं, हा अज्जीचा. दोन्ही बाजूंची भाषा येणारा एकटा बेळगावकर. तो इतका दमला की शेवटी शेवटी भाषांतर न करता नुसतीच मान हलवत होता, कधी इकडे, कधी तिकडे. बेळगावच्या माणसाला याची सवय असते.

वाद मिटला नाही, पण अज्जीने आयपॉड ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी बॅटरी उतरल्यावर परत केला आणि दुसरा मागितला. मग झेन खाली गेला, तो परत आला. सोनी गेला, तो परत आला. कोवॉन मात्र येईना. त्याची बॅटरी ५२ तास चालते असा कंपनीचा दावा होता. अज्जी सकाळच्या पूजेला तासभर आणि दुपारी थोडा वेळ ऐके. त्या हिशेबाने महिना निघणार होता. बेळगावकर जिंकला, पण ऐकायला त्याच्याकडे काही उरलं नाही. तो माझी निळी डबी मागून नेऊ लागला आणि तिच्यातही काही वाईट नाही, असं एकदा हळू आवाजात म्हणाला.

पुढे मोबाइल कानामागून आला आणि तिखट झाला. झून २०११मध्ये बंद पडला, या वेळी कायमचा. आयपॉडचा शेवटचा अवतार अ‍ॅपलने मे २०२२मध्ये आवरता घेतला. त्या दिवशी सांगलीकराला आम्ही रीतसर फोन केले, नागपूरकराने तर "आता भाडं कोण भरणार बे?" असा सांत्वनपर संदेशही धाडला. सोनी मात्र अजून वॉकमन विकते. सोलापूरकराने गेल्या वर्षी नवा घेतला. त्यात अँड्रॉइड आहे, टचस्क्रीन आहे, वाय-फाय आहे, सगळी अ‍ॅप चालतात, फक्त फोन लावता येत नाही. त्याच्या मते हीच त्याची खरी किंमत आहे. छापील किंमत वेगळी आहे. ती कळू नये म्हणून तो ऑफिसने दिलाय, असं त्याने बायकोला सांगून ठेवलंय.