फुंकून पोट बघायचं

अमरगोळात आमच्या ओळीतल्या घरांची कंपाऊंडची भिंत छातीइतकीच उंच आहे, त्यामुळे गुपितं राहत नाहीत. अलीकडे काकू कांद्याची टोपली घेऊन बसलेल्या, पलीकडे वैनी कपडे वाळत घालत होत्या.

"काय वैनी, सकाळपासून फोडणीचा वास नाही. उपास धरलासा काय?"

"उपास कसला! उद्या ह्यांची तपासणी आहे. आज नुसता पांढरा भात नि मीठ. डाळ नको, भाकरी नको, दुधाचं तर नावच नको. रात्रीपासून पाण्याशिवाय काही नाही. उद्या गोड पाणी पाजणार आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पिशवीत फुंकायला लावणार. दोन-तीन तास!"

"फुंकून पोटातलं कळतंय? पोलीस रात्री गाडी अडवून फुंकायला लावतात, तसलं काय?"

"हसू नका हो. आपलं शरीर हायड्रोजन तयारच करत नाही म्हणे. साखरेवर जंतू तुटून पडले की ते करतात, मग तो रक्तातून फुफ्फुसात येतोय. दीड तासाच्या आत दहा लाखांत वीस भागांनी वाढला, की लहान आतड्यात जंतू जास्त झालेत असं धरतात. सिबो म्हणतात त्याला."

"अय्यो, आमची सून फोनवर तेच बघत असते. पण जंतू पोटात असायलाच पाहिजेत, असं म्हणत होती की."

"मोठ्या आतड्यात पाहिजेत. वीस फुटी लहान आतड्यात थोडेच बरे. तिथं गर्दी झाली की पोट फुगतंय, जुलाब होतायत, आणि आपल्या वाटणीचं बी-12 तेच खाऊन टाकतात. आपण शाकाहारी, मुळातच ते कमी. ह्यांच्या पायाला मुंग्या येतात, ते त्यातनंच असेल काय, म्हणून डॉक्टर बघणार आहेत."

"पण झालं कशानं?"

वैनींनी चिमटा तोंडातून काढला आणि आवाज खाली आणला. "ॲसिडिटीची गोळी! थोड्या दिवसांसाठी लिहून दिलेली. ह्यांनी दुकानातनं पट्ट्या आणून वर्षानुवर्षं चालू ठेवली. जंतू मारायला पोटात आम्ल असतंय, तेच कमी केल्यावर काय होणार? त्यात साखर जुनी. नसा मंदावल्या की आतडंही हळू चालतंय."

"मग टाका की ती गोळी फेकून."

"विचारल्याशिवाय नाही. काही जणांना ती लागतेच. आणि ह्यांचं चरणं बघा ना. दोन खाण्यांच्या मधे पोट रिकामं असलं की दीड-दोन तासांनी आतड्यात एक लाट उठते, उरलंसुरलं पुढं ढकलते. इथं अकराला चहा, चारला मिरची-भजी, सहाला चुरमुरे. लाट उठणार कधी?"

काकूंनी कांद्याचं वाळकं पान ओढून काढलं. "सुनेनं कांदा-लसूण बंद केलाय. शेजारी एपीएमसीत कांद्याचे ट्रक उभे, आणि आमच्या सारात कांदा नाही!"

"ती मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाची, काय खाऊ नये त्याची यादी असणार. ती काही आठवडेच पाळायची, मग एकेक पदार्थ परत खाऊन बघायचा. जन्मभर धरून बसायची नव्हे."

वैनींचं ऐकून मी मनात म्हटलं, नाव नवं आहे, दुखणं नाही. 1960च्या दशकात वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी आसपासच्या खेड्यांतल्या ट्रॉपिकल स्प्रू ह्या आतड्याच्या दुखण्याच्या साथी अभ्यासल्या. त्या रुग्णांच्या लहान आतड्यातही जंतू वाढलेले असत. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेत डॉ. उदय घोषाल यांनी ह्या श्वासतपासणीवर बरंच काम केलंय. पण तपासणीही ब्रह्मवाक्य नव्हे. ज्याचं आतडं भरभर चालतं, त्याचं गोड पाणी मोठ्या आतड्यात लवकर पोचतं आणि हायड्रोजन तिथनंच निघतो. फोनवर बघून स्वतःला सिबो लावून घेणारे वाढलेत, हे मला खटकतं. वजन उतरत असेल, शौचात रक्त असेल, तर फोन बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

"निघालं तर औषध काय?" काकूंनी विचारलं.

"रिफाक्सिमिन. अँटिबायोटिकच, पण आतड्यातच राहते, रक्तात फारशी जात नाही. महाग आहे. आणि मूळ कारण तसंच राहिलं तर परत होतंय म्हणे."

"होय काय... आणि आज भात खाल्ला का त्यांनी?"

"ताट तसंच आहे. भूकच नाही म्हणाले. बिचारे घाबरलेत."

काकूंनी टोपली खाली ठेवली. "सांगू की नको कळत नाही वैनी. मघाशी कोपऱ्यावरच्या गाड्यावर गिरमिट खात उभे होते. वरनं कांदा मागून घेत होते."

वैनींच्या हातातला ओला टॉवेल भिंतीवरच राहिला. तपासणी पुढं ढकलायला फोन कुठल्या नंबरावर करायचा, ते शोधायला त्या आत धावल्या.