काठी सरळ धर!

मी मूळचा साताऱ्याचा. त्यामुळे शिक्षणाचा विषय निघाला की मान आपोआप ताठ होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली आणि बोधचिन्ह निवडलं वटवृक्षाचं. मला नोकरी लागली सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यात. शाळेत झाड एकच, लिंबाचं. त्यालाच वटवृक्ष मानून मी ४ ऑगस्टला जाहीर केलं, "आज गणित झाडाखाली. सावलीवरून उंची काढायची!"

पश्चिमेकडं शिराळ्यात छत्र्या वाळत नव्हत्या; जतला मात्र लख्ख ऊन. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तही सावलीची गणितं आहेत, अशी प्रस्तावना मी केली. ती लांबली. मग व्हॉट्सॲप ग्रुपसाठी फोटो. प्रत्यक्ष मोजायला उभे राहिलो तेव्हा साडेबारा उलटले होते.

मीटरभर काठी एका पोराच्या हातात दिली. सावली बोटभर.

"वाकडी धरलीस. सरळ धर."

त्यानं सरळ केली. सावली आणखी आखूड झाली. मी शेजारच्या बांधकामावरून गवंड्याचा ओळंबा मागून आणला. दोरी स्थिर झाली, काठी तिला चिकटली आणि सावली पार नाहीशी झाली. काठीच्या बुडाशी एक मुंगळा तेवढा फिरत होता.

सूत्र मीच फळ्यावर लिहून आलो होतो: झाडाची सावली गुणिले काठीची उंची, भागिले काठीची सावली. पुढच्या रांगेतली मुलगी वहीत बघत म्हणाली, "सर, शून्यानं भागायचं नाही असं तुम्हीच सांगितलंय ना?"

मी खिचडीची घंटा द्यायला लावली. मावशी आतून ओरडल्या, "अजून शिजायचीय!"

रात्री शोधलं तेव्हा कळलं, तो शून्य सावलीचा दिवस. आपल्या भागात वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मेमध्ये आणि ऑगस्टच्या सुरुवातीला. मेमध्ये शाळेला सुट्टी, म्हणजे फजितीला मुहूर्त उरतो एकच. परत दक्षिणेकडं निघालेला सूर्य साताऱ्याच्या डोक्यावरून दोन-तीन दिवस आधीच गेला होता. गावाकडून कुणी एक फोन करायला हरकत नव्हती.