म्हणे, एका दिवसात दीडशे!

ऐकलंत का? जुनी बातमी आहे म्हणता? अहो, काही बातम्या लोणच्यासारख्या असतात, मुरल्याशिवाय चव लागत नाही.

२०१० चा ऑक्टोबर. आपलं छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होतं. गावाची ओळख काय, तर बावन्न दरवाजे, हिमरू शाल, नान-खलिया आणि वाळूजला तयार होणारी बजाजची दुचाकी. अशा दुचाकीच्या गावात एके दिवशी दीडशे मर्सिडीज आल्या. दीडशे! किंमत सुमारे ६५ कोटी! जिथं मकाई गेटखाली दोन गाड्या समोरासमोर आल्या की मागं कुणी घ्यायची यावरून पाऊण तास वाद रंगतो, तिथं हे थेर!

आणि घेतल्या कशा, ते तर ऐका. भाजीवालीला आपण म्हणतो ना, ‘चार जुड्या घेते, पण भाव नीट लाव’? उद्योजक, डॉक्टर, बिल्डर अशा मंडळींनी एकत्र येऊन मर्सिडीजला तेच ऐकवलं. मेथीच्या जुडीचा हिशेब जर्मन गाडीला लावला, आणि सूट पदरात पाडून घेतली! वर स्टेट बँकेचं चाळीस कोटींच्या वरचं कर्ज, व्याज सात टक्के. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला मात्र दर कितीतरी चढा. पी. साईनाथांनी ‘द हिंदू’मध्ये याचा रीतसर पंचनामा केला होता. चर्चेतला हा घास काही खमंग नाही, चांगला करपलेला आहे. खाताना ठसका लागतोच.

आमच्या गल्लीतले काका तर तेव्हा पेटलेच होते. “पैशाचा माज, दुसरं काय! नळाला पाणी नाही, अन् यांना गाड्या धुवायच्यात!” पंधरा दिवस हाच पाढा. सोळाव्या दिवशी काकांचा सख्खा भाचा मर्सिडीज घेऊन दारात हजर. काका म्हणाले, “पोराचं मन मोडवत नाही,” आणि देवळात शिरावं तशी चप्पल बाहेर काढून पुढच्या सीटवर बसले. काच वर, गाणी चालू, स्वारी निघाली. क्रांती चौकात चहाला उतरायची वेळ आली, तेव्हा लक्षात आलं की चप्पल घरासमोरच राहिली.

पण काकांना हसू नका. भली भली माणसं असं बोलून बसलीत. १९०६ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी मोटारीवर तोंडसुख घेतलं होतं. ही म्हणजे श्रीमंतांच्या उद्दामपणाचं चालतंबोलतं चित्र, ती पाहून लोक समाजवादाकडे वळतील, असा त्यांचा सूर. पुढे हेच गृहस्थ राष्ट्राध्यक्ष झाले, आणि पिअर्स-ॲरो गाडीचा असा लळा लागला की १९२१ मध्ये पद सोडताना मित्रांनी तीच विकत घेऊन त्यांना दिली! आमच्या काकांनी निदान चप्पल तरी काढली होती.

मुळात मोटारीपायी चालणारे हे सगळे चाळे अमेरिकेचेच. १९०० मध्ये तिथं ४,१९२ मोटारी बनल्या: १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि पेट्रोलच्या जेमतेम ९३६. पेट्रोलची गाडी म्हणजे धूर, खडखडाट, आणि सुरू करायची तर पुढं उभं राहून हँडल मारायचं. इंजिननं उलटा झटका दिला की मनगट गेलंच. घरंदाज बायका आपल्या विजेच्या गाडीत आवाज न करता फिरायच्या. मग १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंगचा सेल्फ-स्टार्टर कॅडिलॅकला बसला आणि हँडल मारायची कटकटच मिटली. विजेच्या गाडीचा बाजार उठायला एवढं एक कारण मोठं ठरलं.

त्याआधी १९०८ मध्ये फोर्डनं मॉडेल टी आणून ठेवलीच होती. चारही सिलिंडर एकाच ब्लॉकमध्ये ओतलेले, ताकद वीस हॉर्सपॉवर, किंमत साधारण ८५० डॉलर. १९१३ मध्ये कारखान्यात जुळणीची सरकती साखळी आली. जुळणीला साडेबारा तास लागायचे ते दीड तासावर आले, आणि पुढे भाव तीनशे डॉलरच्याही खाली. पण कित्येक वर्षं रंग एकच, काळा! कॅडिलॅकनं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन आणलं, पॅकार्डनं बारा सिलिंडरचं. जनरल मोटर्सनं तर कहरच केला: १९१९ पासून हप्ते, मग रंगीबेरंगी गाड्या, मग दर साली नवं मॉडेल. शेजाऱ्याची नवी दिसली की आपली धडधाकट गाडीही भंगार वाटली पाहिजे! १९२८ मध्ये ही कंपनी मुंबईत गाड्या जोडू लागली. म्हणजे संसर्ग आपल्या दारात आला तो तेव्हाच.

फरक एवढाच, फोर्डनं घाऊक बनवून गाडी स्वस्त केली. आमच्या लोकांनी घाऊक विकत घेऊन. डोकं कुणाचं जास्त, तुम्हीच ठरवा.

आणि आता पुढचं ऐका. २०२२ मध्ये याच शहरातल्या मंडळींनी विजेच्या मोटारी अशाच घाऊक नोंदवल्या. अमेरिकेनं शंभर वर्षांपूर्वी मोडीत काढलेलं खूळ आपल्याकडे नवं म्हणून मिरवतंय! काकांच्या कानावर घातलं, तर उसळले. “विजेची? अन् लाइट गेल्यावर काय ढकलणार? माज आहे माज!” मग इकडं तिकडं पाहून हळूच विचारलं, “आवाज अजिबात येत नाही म्हणतात. खरं का रे?”

भाच्याला निरोप धाडलाय. काकांना एवढंच सांगितलंय, या खेपेला चप्पल पायातच असू द्या.