मामा एक, पर्यटक पाच

२०२४मध्ये उज्जैनला ७.३२ कोटी पर्यटक आले म्हणे. २०११च्या जनगणनेत अख्ख्या मध्य प्रदेशची लोकसंख्या ७.२६ कोटी होती. म्हणजे तान्ह्या बाळांसकट सगळं राज्य घराला कुलूप लावून क्षिप्रेकाठी गेलं आणि वर सहा लाख उसने आणले, की हिशेब जुळला. हसू नका. मोजतात त्या भेटी, माणसं नव्हेत.

आम्हा भोपाळच्या शाहपुऱ्यातल्या मराठी घरांना हे गणित केव्हाच पाठ झालंय, कारण प्रत्येक घराला नागपूरचे एक मामा आहेत. ते आठवडाभर 'भोपाळ बघायला' येतात. सांचीला तिकीट फाडलं, पर्यटक पहिला. भीमबेटका, दुसरा. भोजपूर, तिसरा. उज्जैन, चौथा, आणि मामींना पिंड नीट दिसली नाही म्हणून दोघं पुन्हा रांगेत, पाचवा. गंमत पुढेच आहे. देशी पर्यटकाच्या सरकारी व्याख्येत हॉटेल किंवा धर्मशाळेतला मुक्काम लागतो. मामा उतरतात आमच्या दिवाणावर. म्हणजे फाटकावर पाच असलेला माणूस व्याख्येत शून्य, आणि आमच्या ताटावर, सकाळच्या पोहे-जिलेबीपासून रात्रीच्या 'थोडा भात वाढ गं'पर्यंत, निदान तीन!

आता खर्च. २०१४-१५च्या देशभरच्या पाहणीत मुक्कामी प्रवासाचं सगळ्यात मोठं कारण निघालं नातेवाइकांच्या भेटीगाठी. पण प्रश्न विचारतात प्रवाशाच्या घरी. मामा नागपुरात पाय पसरून सांगणार, 'राहणं-खाणं? छे, काही नाही, भाच्याकडे होतो.' काही नाही? अहो, सिलिंडर आठ दिवस आधी संपलं, दुधाचं बिल दुप्पट झालं, पाहुण्यांसाठी आणलेला आंबा बर्फीचा डबा पाहुण्यांनीच जाताना नेला! पण मी प्रवासाला गेलोच नव्हतो, तेव्हा मला कोण विचारणार? राज्याच्या पर्यटनाचा भार आमच्या दिवाणावर आणि आकड्यांत आम्ही कुठेच नाही.

आणि खर्च मोजायचाच असेल, तर शाहपुऱ्याच्या तलावात वर्षानुवर्षं सांडपाणी सोडून आम्ही काय घालवलं, तेही मोजा की. मामांना संध्याकाळी काठावर नेलं, तर नाकाला रुमाल लावून म्हणाले, 'चल, घरीच बसू.' ती भेट कुठल्याच वहीत नाही.

२०२८च्या उज्जैनच्या सिंहस्थाला मामा महिनाभर येतायत. मामी, मामींची बहीण आणि तिचे यजमान धरून. राज्याने आकडा छापायला घ्यावा. गाद्या आम्ही आत्तापासूनच पिंजायला टाकल्यात.