कोऱ्या एडीआर फॉर्मास अनावृत पत्र

प्रति,
कोरा एडीआर फॉर्म,
मुक्काम : सिस्टरांच्या टेबलाचा खालचा खण.

विषय : विद्यार्थ्यांच्या हाती न लागण्याची परंपरा जपल्याबद्दल अभिनंदन.

औषधाचा संशयित दुष्परिणाम (एडीआर) कळवण्यासाठी सदर फॉर्म आहे. भारतीय औषधदक्षता कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. २०११पासून त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांपैकी कोणीही नोंद करू शकतो. तरीही खण सहसा उघडत नाही, याचे बरेचसे श्रेय वैद्यकीय अध्यापनाला जाते.

विद्यार्थ्याला व्याख्या पाठ असते, थॅलिडोमाइड या औषधाचे घातक दुष्परिणाम उघड झाल्याचे १९६१ साल तोंडावर असते, त्रास औषधामुळेच झाला का हे जोखणाऱ्या नरान्हो स्केलचे दहाही प्रश्न तो वायवात धडाधड म्हणतो. एवढ्या तयारीनंतर त्याची समजूत होते, की औषधावर गुन्हा शाबीत झाल्याशिवाय फॉर्म भरणे हा आगाऊपणा. वास्तविक फॉर्मला नुसता संशय पुरतो. रुग्ण, त्रास, संशयित औषध आणि कळवणारा एवढे ठरले की नोंद होते. कार्यकारणाचा निवाडा नंतरचा. रुग्णाचे पूर्ण नावही नको, आद्याक्षरे चालतात. नोंद म्हणजे कोणाच्या चुकीची कबुली नव्हे, असे फॉर्मवरच छापले आहे. अर्थात ते वाचायला तो खणाबाहेर यावा लागतो.

पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडमुळे ड्रेस सिंड्रोम होऊ शकतो, असा इशारा आयोगाने नोव्हेंबर २०२३मध्ये दिला, तो अशाच नोंदींच्या आधारे. ताप, अंगभर पुरळ, सुजलेल्या गाठी, कधी यकृतालाही इजा. आणि हे सारे औषध सुरू झाल्यावर बहुधा दोन ते आठ आठवड्यांनी. तोवर रिकामी स्ट्रिप कचऱ्यात गेलेली असते. मेडिकलमधून परस्पर आणलेली गोळी रुग्ण औषधात धरतच नाही, त्यामुळे केस पेपरवर ‘विशेष काही नाही’ एवढेच उतरते. ‘गेल्या दोन महिन्यांत मेडिकलमधून काय काय आणलंत?’ हा प्रश्न खाटेशेजारी उभे राहूनच सुचतो.

एमबीबीएसच्या २०१९च्या अभ्यासक्रमात दुष्परिणाम ओळखून कळवणे हे कौशल्य म्हणून आहे. ते अनेकदा जर्नलात उरकले जाते. जर्नलातला काल्पनिक रुग्ण फार गुणी : एकच औषध घेतो, तारखेसह सांगतो आणि लगेच पुरळ दाखवतो. वॉर्डातल्या आजींकडे पाच गोळ्या असतात, त्यांतल्या दोन शेजारणीने दिलेल्या.

सबब, पोस्टिंगच्या काळात प्रत्येक विद्यार्थ्याने एका खऱ्या रुग्णाची नोंद शिक्षकांसमक्ष भरून एडीआर केंद्राकडे द्यावी आणि केंद्राचा शेरा त्याला वर्गात वाचायला मिळावा. तोपर्यंत सदर फॉर्मने खणातच विश्रांती घेण्यास हरकत नसावी.

कळावे.