माहिती अधिकारी, अर्धवेळ

दिंद्रुडच्या आमच्या डॉक्टरांनी कार्डं छापून घेतली आणि घोटाळा झाला. नावाखाली होतं : 'मुख्य वैद्यकीय माहिती अधिकारी (अर्धवेळ)'. आठवड्याच्या आत तिघेजण हजर. घरकुलाच्या यादीतून नाव कसं गळालं, ते सांगा म्हणाले. २००५ चा कायदा गावाला पाठ आहे. माहिती अधिकारी दिसला की १० रुपयांचं तिकीट चिकटवून अर्ज द्यायचा.

खरं काम वेगळंच. सकाळी सुई-गोळ्या. बुधवारी-शनिवारी दुपारी लॅपटॉप पाठीला लावून मोटरसायकलवर तेलगाव, माजलगाव, तिथल्या दवाखान्यांच्या संगणकी नोंदी मार्गी लावायला. सॉफ्टवेअर विकणाऱ्याला ताप कळत नाही, डॉक्टरला बटण कळत नाही; पाच-दहा खाटांच्या दवाखान्याला यासाठी पूर्णवेळ माणूस परवडत नाही. म्हणून हे अर्धवेळ. मोबदला एका ठिकाणी चहा, दुसरीकडे चहा आणि 'पुढच्या महिन्यात बघू'.

आजारांचे कोड त्यांना तोंडपाठ. विंचू चावलेलं लेकरू आलं की तोंडातून आधी 'एक्स बावीस!' निघतं. हात मात्र तोवर औषधाकडे गेलेला असतो, हे कबूल केलं पाहिजे.

मागे त्यांनी एका दवाखान्याचा आलेख काढला, तर महिनाभर जो येईल त्याला पोटदुखी. डॉक्टर पाण्याच्या टाकीवर चढायचेच बाकी होते. मग उमगलं : यादी इंग्रजी वर्णक्रमाने, 'अ‍ॅब्डॉमिनल पेन' सर्वांत वर, आणि कंपाउंडर खाली उतरायला तयार नाही. त्यात गुरुजींच्या कृपेने निम्म्या पेशंटांचा जन्म १ जूनचा. त्या सकाळी यंत्राने वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवत गावभर फोन वाजवले.

२०२१ पासून त्यांना सरकारी आरोग्य ओळख क्रमांकाचा, म्हणजे आताच्या 'आभा'चा ध्यास लागला. १४ आकडे, कागद हरवायची भीती नाही. हे मात्र मला पटतं. इकडची कितीतरी घरं दिवाळी झाली की कोयते घेऊन कारखान्याला जातात. केसपेपर कोपीत भिजतो. आधीच्या डॉक्टरने काय दिलं, विचारा. उत्तर येतं, "पांढरी गोळी."

पण आभाला ओटीपी लागतो. परवा एक पोटुशी बाई आली, म्हणून तर यंदा ती मागे राहिलेली. आधारला जोडलेला मोबाइल नवऱ्याकडे, नवरा कोल्हापूरकडं फडात. तिने फोन लावून आकडे विचारले, तर तो उखडला, "बँकवाले सांगू नको म्हणतेत!"

डॉक्टरांनी फोन घेतला. "अरे, मी बोलतोय."

"डॉक्टर असाल तर माझ्या बापाला कोणती गोळी चालू हाय ते सांगा."

समोर लॅपटॉप उघडा होता. त्याच्याकडे न बघता डॉक्टरांनी गोळीचं नाव सांगितलं, वेळ सांगितली, वर म्हातारा तंबाखू सोडत नाही म्हणून दोन शिव्या हासडल्या. ओळख पटली. मग त्याची कंबर निघाली, मुकादमाची उचल निघाली, शेवटी फोन बायकोकडे गेला. ती भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात बोलत राहिली. ओटीपीची मुदत केव्हाच संपली होती.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"मागवा की अजून एक," ती पदर सावरत म्हणाली. "तेवढंच बोलनं व्हतंय."