शेव्हर्लेचा टचअप आणि कोकणची हवा

जुन्या अमेरिकन मोटारीच्या रंगावर पडलेला ओरखडा तेवढ्यापुरताच रंगवून बुजवण्याच्या क्रियेला गॅरेजच्या परिभाषेत टचअप म्हणतात; आणि ही क्रिया रत्नागिरीत करावयाची झाल्यास तिचा विचार रसायनशास्त्र, पंचांग आणि शेजारधर्म अशा तिन्ही अंगांनी करावा लागतो. जनरल मोटर्सने शिवडीला १९२८ पासून १९५४ पर्यंत मोटारींची जुळणी केली, त्यांत शेव्हर्ले प्रमुख होती. तर वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने १९४७ पासून कुर्ल्याला क्रायस्लरच्या मोटारी जुळवल्या. त्या काळातली जी एखादी गाडी आज कोकणात पत्र्याच्या शेडखाली उभी असते, तिने अक्षरशः सत्तर पावसाळे पाहिलेले असतात. आणि इथला एकेक पावसाळा सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जात असल्यामुळे तिच्या मडगार्डाचा अनुभव बहुतेक लोकप्रतिनिधींपेक्षा दांडगा ठरतो.

प्रथम रसायनशास्त्र. १९२३-२४च्या सुमारास ड्यूपॉन्ट आणि जनरल मोटर्स यांनी ड्युको नावाचा नायट्रोसेल्युलोजवर आधारलेला रंग बाजारात आणला, आणि ज्या रंगकामाला पूर्वी कित्येक आठवडे लागत ते काही दिवसांवर आले. हा लॅकर, म्हणजे थिनर उडून जाताच वाळणारा रंग, होय. दुसरा प्रकार इनॅमलचा; तो सावकाश वाळतो आणि वाळताना कडक होतो. लॅकर दमट हवेत मारला, तर थिनर उडताना पृष्ठभाग गार पडून हवेतले बाष्प रंगात उतरते आणि चकाकीऐवजी पांढुरकी झाक येते. इनॅमल मारला, तर तो वाळेपर्यंत जांभ्याची तांबडी धूळ आणि गावातले हौशी डास त्यात कायमचे वास्तव्य करतात. जुन्या इनॅमलवर नवा लॅकर मारण्याचे धाडस केल्यास खालचा थर सुरकुततो, आणि मग टचअपचे रूपांतर संपूर्ण रंगकामात होते. तात्पर्य, कोणता रंग वापरावा यापेक्षा कोणत्या रंगाने फजिती करून घ्यावी, एवढीच निवड मालकाच्या हाती राहते.

आता पंचांग. जूनपासून चार महिने हवेत ओल असते, त्यामुळे पेंटर म्हणतो, ‘पाऊस जाऊ दे.’ मधेच गणपती येतात, तेव्हा मुंबईचे चाकरमानी आलेले असल्याने तो म्हणतो, ‘गणपती होऊ देत.’ दिवाळीनंतर कोरडी हवा सुटते आणि टचअपला अनुकूल काळ उगवतो. परंतु नेमक्या त्याच काळात तालुक्यातली सगळी घरे रंगायला निघतात. पुढे शिमग्याला पालखी येते आणि तिच्यामागून आंब्याच्या पेट्या येतात. मे अखेरीस पेंटरला सवड मिळते, तेव्हा आकाशात ढग आलेले असतात. या चक्रामुळे एका ओरखड्याच्या छायेत एखाद्या मुलाचे शालेय शिक्षण पुरे होऊ शकते.

शेजारधर्माचा भाग संक्षेपाने सांगता येतो. वॉटर पेपर, म्हणजे ओल्याने घासण्याचा बारीक खरकागद, हाती घेतला की शेडशी तीन प्रकारचे तज्ज्ञ जमतात: रंग गडद झाला म्हणणारे, फिका झाला म्हणणारे, आणि मुळात ओरखडाच बरा दिसत होता असे म्हणणारे. यांपैकी तिसरा वर्ग कोकणात बहुसंख्य असून, दुर्दैवाने तो बहुधा खरे बोलतो.

त्यात कायद्याने भर घातली आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले आणि सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेले वाहन व्हिंटेज ठरते. याचा अर्थ मोठी दुरुस्ती कायदा खपवून घेत नाही आणि छोटी दुरुस्ती हवा. या दोहोंच्या कचाट्यात मालकाला जुनेपण जपायचे असते आणि ते दिसूही द्यायचे नसते.

या सर्वांहून मोठी अडचण अशी, की डब्यावरचा क्रमांक अचूक जुळला तरी रंग जुळत नाही. डब्यातली छटा कारखान्याच्या दाराशी थांबलेली असते, गाडीवरची छटा मात्र तेव्हापासून ऊन आणि खारा वारा खात फिकी होत आलेली असते. म्हणून अचूक मिळालेला ठिपका बॉनेटवर सर्वांत उठून दिसतो आणि उरलेली गाडी किती म्हातारी झाली आहे हे दाखवून देतो. जाणता पेंटर यावर एकच उपाय सुचवतो: ‘अहो, दोन-चार उन्हाळे गाडी अंगणात उघडी ठेवा, ठिपका आपसूक तिच्या वयाला येईल.’ रसायनशास्त्राच्या दृष्टीने हा सल्ला बराचसा बरोबर आहे. फक्त तो मानायचा, तर शेड, तिच्यावरचा पत्रा आणि गाडीवरची गोधडी कशासाठी केली होती, याचे उत्तर मालकाला आधी घरात द्यावे लागते.